खर्च कमी केला, पण कोणाच्या ताटातला?

महिना आवळायचा ठरला की सल्ल्यांना तोटा नसतो. हॉटेल बंद करा, चहा एकदाच घ्या, कपडे दिवाळीलाच. सगळं ठीक. पण कात्री घरात नेमकी कोणावर चालते, हे कोणी विचारत नाही.

मिरजेत आमच्या महिला बचत गटाची हिशेबाची वही मी सांभाळते. बारा जणी, दरमहा 200 रुपये. तेल वाढो, गॅस वाढो, शाळेची फी वाढो, हप्ता सहसा चुकत नाही. मागच्या बैठकीत मी सहज विचारलं, एवढी ओढाताण आहे तर हे पैसे काढता कुठून? उत्तरं ऐका. "माझा दुपारचा चहा बिनदुधाचा केला." "डाळ आधी पोरांना आणि ह्यांना वाढते, उरली तर मी." "फळं आणते की, पण मला तशी फळं आवडतच नाहीत." आणि साठीच्या एक मामी हळूच म्हणाल्या, "बीपीची गोळी एक दिवसाआड घेते. एका महिन्याचं पाकीट दोन महिने पुरतं."

बाराजणींत एकीनेही 'ह्यांची पुडी बंद केली' असं सांगितलं नाही. दहा रुपयांच्या चार पुड्या रोज, म्हणजे महिन्याला 1200 रुपये. (गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे म्हणे. असो.) अंडं सात रुपयांना धरलं तर रोज एक खायला महिन्याला 210 रुपये लागतात. म्हणजे एका माणसाच्या पुड्यांत पाच जणांची रोजची अंडी बसतात. हे गणित बाईला येत नाही असं समजू नका. येतं. पण पुडीचा विषय काढला की भांडण होतं आणि स्वतःची वाटी कमी केली की होत नाही, एवढंच.

सरकारी आकडेवारीतही हे दिसत नाही, कारण ती मोजतेच तशी. 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 4122 रुपये आणि शहरात 6996 रुपये आला. हा 'दरडोई' शब्द मोठा फसवा. घराचा एकूण खर्च काढायचा आणि माणसांच्या संख्येने भागायचा. जणू घरातली सगळी ताटं सारखीच भरलेली. ताटातला फरक दवाखान्यात कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त!

त्याच खर्चाच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. शीतपेयं, फरसाण-बिस्किटं, बाहेरचं तयार खाणं या गटावर खेड्यातलं घरसुद्धा जवळपास 10 टक्के खर्च करतं, आणि धान्यावर साधारण 5 टक्के. म्हणजे कात्री लावायला जागा आहे. फक्त ती दूध-डाळीत नाही.

मग कुठे आहे? आधी विजेचं बिल काढा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटनंतरचं युनिट दुपटीहून महाग आहे. त्यावर वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरलं की शंभराच्या वरचं प्रत्येक युनिट दहा रुपयांच्या वरच पडतं. जुना पंखा 75 वॅटचा असतो. दिवसाला 15 तास चालला तर महिन्याला 34 युनिट होतात. बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, त्याचे 13-14 होतात. वापर शंभराच्या वर असेल तर एका पंख्यामागे महिन्याला 200 रुपये वाचतात. आमचा हप्ता तेवढाच आहे बघा! पंखा महाग आहे, एकदम घेणं जमत नाही, पण त्यासाठीच तर गटाचं कर्ज असतं.

दुसरं, पाकिटाची किंमत बघू नका, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेला ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव बघा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण शेजारीच 800-850 ग्रॅमची पिशवी तशीच्या तशी दिसते आणि "स्वस्त" म्हणून उचलली जाते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असंही नाही हं. शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

आणि मामींची गोळी. बीपीची गोळी मनाने कमी करणं म्हणजे पुढे हजारोंचं बिल, किंवा त्याहून वाईट. जनऔषधी केंद्रात त्याच औषधाच्या गोळ्या ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगायचं, बस. शिवाय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मामींना हे माहीत नव्हतं. त्यांच्या मुलाला माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. विचारणार आहे.

पुढच्या बैठकीपासून वहीत एक जादा रकाना पाडलाय: 'या महिन्यात काय कमी केलं' आणि त्यासमोर 'कोणाचं'. दोन-तीन जणींनी तोंडं वाकडी केली, एक म्हणाली, "ताई, हे घरी कळलं तर?" नाव लिहू नको म्हटलं, नुसतं 'माझं' किंवा 'त्यांचं' लिही.

तुमच्या घरात या महिन्यात काय कमी झालं? खाली लिहा. आणि कोणाचं, तेही.