माणसांची पैसेवारी

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी मुखेडला भेटावयास आला. अकरावी-बारावीला तो आमच्याकडे मराठी शिकला, पुढे संगणक अभियंता झाला. २०२२ साली त्यास एका कंपनीचे नियुक्तिपत्र आले, गावात पेढे वाटले गेले. प्रत्यक्ष रुजू होण्यास मात्र चौदा महिने लागले. शैक्षणिक कर्जाचे हप्ते वडिलांनी सोयाबीन विकून भागविले. आता तो पुण्यात आहे आणि आपल्या गटाला पुढील वर्षी किती माणसे लागतील, याचा तक्ता करण्यास वरिष्ठांना मदत करतो. "सर, आता तो अंदाज मीच करतो," तो हसून म्हणाला. आम्हांला हसू आले नाही.

हा अंदाज होतो कसा? हाती असलेली कामे, मिळतील अशी कामे, ती मिळण्याची शक्यता आणि सोडून जाणारी माणसे, असा तो हिशेब असतो. यांतील शेवटचा आकडा फार फसवा. इन्फोसिसमध्ये मार्च २०२२ अखेरच्या वर्षात नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण २७.७ टक्के होते. दोनच वर्षांनी ते १२.६ टक्क्यांवर आले. माणसे टिकली ही चांगलीच गोष्ट. परंतु आतली माणसे हलली नाहीत, की दाराशी उभ्या असलेल्यांना थांबावे लागते.

शिवाय माणसांची बेरीज इथे सरळ होत नाही. सोयाबीनच्या काढणीला दहा मजूर जास्त लावले, तर रान लवकर मोकळे होते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच सांगून ठेवले, की रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते. नव्यांना शिकवावे लागते, एकमेकांशी बोलणे वाढते. पाच जणांत दहा जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस. 'मनुष्यबळ' हा आपला शब्द यातील 'बळ' तेवढे मोजतो, 'मनुष्य' निसटतो.

आमच्या मराठवाड्याला अंदाज नवे नाहीत. पिकांची पैसेवारी आधी हंगामी, मग सुधारित, शेवटी अंतिम अशी निघते. पीक जसे दिसेल तसा आकडा बदलतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कंपन्याही आपला आकडा दर तिमाहीला दुरुस्त करतात. पण मुलाची चार वर्षे दुरुस्त होत नाहीत. २०१० पर्यंत या उद्योगास सुमारे ५ लाख माणसे कमी पडतील, असा अंदाज नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांनी २००५ साली वर्तविला होता. त्यावर विसंबून २००६ ला प्रवेश घेतलेला मुलगा २०१० ला बाहेर पडला. दरम्यान २००८ ची जागतिक मंदी येऊन गेली होती.

आमचा विद्यार्थी आता एका आकड्याऐवजी तीन देतो : किमान, बहुधा आणि कमाल. नियुक्तिपत्रे किमान आकड्यावरच द्यावीत, असा त्याचा आग्रह असतो. तो दर वेळी मानला जातोच असे नाही.

तो गेल्यावर आम्ही आमच्याच टेबलाकडे पाहिले. दरवर्षी जूनमध्ये मराठी विभागाचा कार्यभार आम्हीही काढतो. किती मुले मराठी घेतील, या अंदाजावर तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचे वर्ष ठरते. तिथे आम्ही आजवर एकच आकडा लिहीत आलो आहोत, आणि त्याखाली सही आमची असते.