वाघासोबतच्या फोटोची किंमत

बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनातून सुटणारी साधी गाडी साधारण तीन तासांत कांचनाबुरीला पोचते. उघड्या खिडक्या, छताला पंखे, दोन्ही बाजूंना भात आणि ऊस. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. गावात क्वाय नदीवरचा प्रसिद्ध पूल आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतलेल्या रेल्वेमार्गावरचा. जवळच्या दफनभूमीत जवळजवळ 7,000 युद्धकैद्यांच्या कबरी ओळीने आहेत. मलायाच्या रबर मळ्यांतून आणलेल्या हजारो तमिळ मजुरांच्या वाट्याला मात्र अशा नावानिशी ओळी आल्या नाहीत.

तरी कित्येक वर्षं बरेच पर्यटक इथे पुलापेक्षा वाघांसाठी येत. गावाबाहेर साई योक भागात एका बौद्ध विहाराने 1999 साली वाघाचं एक पिल्लू सांभाळायला घेतलं. हळूहळू संख्या शंभरावर गेली आणि जगभर ‘टायगर टेंपल’ हे नाव झालं. प्रवेशाचे पैसे वेगळे, वाघाचं डोकं मांडीवर घेऊन फोटो काढायचे वेगळे. वाघ इथे प्रेमाने राहतात, असं पाहुण्यांना सांगितलं जाई.

2016 च्या मे महिन्याच्या अखेरीस थायलंडच्या वन्यजीव खात्याने तिथे कारवाई केली आणि 137 वाघ हलवले. स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये 40 बछड्यांची कलेवरं सापडली. वाघाचं कातडं आणि दातांचे ताईतही हाती लागले. पुढची हकीकत याहून वाईट आहे. त्या वर्षी सरकारने ताब्यात घेतलेल्या एकूण 147 वाघांपैकी 86 वाघ 2019 पर्यंत मेले होते. जवळच्या नात्यात झालेल्या पैदाशीमुळे त्यांची रोगाशी लढण्याची ताकद कमी झाली होती, असं कारण अधिकाऱ्यांनी दिलं.

ते ठिकाण बंद झालं, पण धंदा संपला नाही. आमच्या टूरच्या यादीतही ‘वाघासोबत फोटो’ ही एक ओळ होती, जादा पैसे भरून. गटातले एक मामूजान म्हणाले, “वाघाला मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. फोटो काढला तर बिघडलं काय?” प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर शोधायला हवं.

बाटलीने दूध पाजता येईल एवढं लहान पिल्लू काही महिनेच लहान असतं. फोटोचं दुकान वर्षभर चालवायचं तर सतत नवी पिल्लं लागतात. जंगलात वाघाचा बछडा साधारण दोन वर्षं आईजवळ राहतो. इथे त्याला काही आठवड्यांतच वेगळं करतात, म्हणजे त्याला माणसाच्या हातांची सवय होते आणि आई लवकर पुन्हा गाभण राहते. बछडा मोठा झाला की रोज कित्येक किलो मांस खातो आणि मांडीवर घेण्यासारखा राहत नाही. मग त्याच्या नशिबी पिंजरा, आखूड साखळी किंवा कातड्या-हाडांचा चोरटा बाजार. आपण फोटो काढतो एक मिनिट. त्या मिनिटासाठी एक अख्खा जीव जन्माला घातलेला असतो. शिवाय असा वाघ जंगलात सोडता येत नाही, तेव्हा ‘तुमच्या पैशातून वाघ वाचतात’ हा दावाही टिकत नाही.

फुकेतच्या रस्त्यांवर लाजवंती माकडासोबत फोटो काढून देणारे फिरत. मोठ्या डोळ्यांचं हे रात्रीचं जनावर. दिव्यांच्या झगमगाटात त्याला धड दिसतही नाही. त्याचा चावा विषारी असतो, म्हणून त्याचे दात तोडतात. फोटोत ते गोंडस दिसतं, एवढंच.

एका सफरीत सोबत्यांनी पक्ष्याची पिल्लं उचलली आणि आई वर फडफडू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती पिल्लं परत ठेवायला लावली. ही हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. तिथे पक्ष्याला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. आईपासून पिल्लू तोडणं एवढंच पुरेसं होतं. मामूजानच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाशी जोडलेली आहे. महाराष्ट्रात गावोगाव अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी, उत्तरेकडचे कलंदर, हे आपलेच गरीब भाऊ. 1998 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अस्वलाच्या नाकातली वेसण पाहता हे योग्यच झालं. पण त्याची किंमत कुणी मोजली? ज्यांच्याकडे दुसरी रोजी नव्हती त्यांनी. त्यांनी पिढ्यांचा धंदा सोडायचा आणि आपण विमानाने परदेशी जाऊन तोच खेळ महाग तिकिटाने पाहायचा, हा कुठला इन्साफ?

परदेशात असं तिकीट पुढे आलं, तर मुलांसमोर तीन प्रश्न विचारावेत. हा प्राणी मनात आलं तर उठून जाऊ शकतो का? याची आई कुठे आहे? मोठा झाल्यावर याचं काय होणार? उत्तरं मुलं स्वतःच देतात.

कांचनाबुरी जिल्ह्यातच थुंग याई नरेसुआनचं जंगल आहे. 1991 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि तिथे आजही मोकळे वाघ आहेत. जाणाऱ्याला ते बहुधा दिसत नाहीत. न दिसणं हाही त्यांचा हक्कच आहे.