हलक्या काठीचा हट्ट

मरळ धरावी ती हलक्या काठीने आणि बारीक तंगुसाने, हे माझं कितीतरी वर्षांचं ठाम मत. दांडग्या काठीने मासा ओढून काढण्यात कसलं आलंय कौशल्य, असं मी भांडुपच्या मित्रांशी तावातावाने भांडायचो. माशालाही सुटायची संधी हवी, ही त्यामागची भावना. आज मी नेमकं उलटं सांगतो. रबरी बेडकाने मरळ धरायची, तर जाड दोरी हीच तिच्यावरची दया.

मरळ म्हणजे रोहू-कटला नव्हे. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. आम्ही गळ टाकतो तो पवईचा तलाव १८९१ मध्ये बांधला, पिण्याच्या पाण्यासाठी. आज ते पाणी पिण्याजोगं नाही आणि काठाला जलपर्णी माजलेली. मरळ दबा धरते ती तिच्याच आडोशाला. गळ लागला की मुळांत घुसते आणि वेढे घेते. तंगूस ताणतो, तुटतो. आपण म्हणतो, सुटली. एकदा काठावर उपसून टाकलेल्या जलपर्णीच्या ढिगात मला मेलेली मरळ दिसली. जबड्यात बेडूक तसाच, आणि त्याचा तंगूस मुळांभोवती इतका आवळलेला की सुरीनेच कापावा लागला. पाण्यात राहणारा जीव हवेवाचून गुदमरला होता. मरळ हवा घेते हे मला आधीही ठाऊक होतं. तुटलेल्या तंगुसाशी त्याचा संबंध तोवर जोडला नव्हता.

आता माझी काठी सात फुटी, ताठ. रिळावर ४०-५० पौंडांची विणलेली दोरी, ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट. ही दोरी तंगुसासारखी ताणत नाही आणि जलपर्णीचे देठ कापत येते. मासा मुळांत शिरायच्या आत मोकळ्या पाण्यात आणता येतो.

हिसक्याबद्दलही मत बदललं. हे रबरी बेडूक अमेरिकेत बास माशासाठी रुळले. बास मोठा आ करून आमिष आत ओढून घेतो, मरळ दातांनी झडप घालते आणि पुष्कळदा तिचा नेम चुकतो. बेडूक पोकळ असतो, दोन्ही गळ पाठीला चिकटलेले. अंग चेपलं तरच ते उघडे पडतात. म्हणून दुकानात मी बेडूक आधी चिमटीत दाबून बघतो. ताठ लागला तर रंग कितीही देखणा असो, घेत नाही. मरळीच्या झडपेने पाण्यात सुपाएवढा खळगा पडला की हात शिवशिवतात, पण तेव्हाच हिसकलं तर बेडूक तिच्या तोंडातून निसटून आपल्याकडे उडत येतो. काठीचं टोक खाली करावं, सैल दोरी गुंडाळावी, वजन हाताला लागलं की मग सगळ्या अंगाने हिसका द्यावा. तेव्हा मात्र कुचराई नको, मरळीचा जबडा हाडाचा असतो.

पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर बुडबुडे सोडत फिरतो. खाली राखणीला आईबाप असतात. थव्यावर बेडूक टाकला की ते हमखास झेपावतात, भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. तिथे मी टाकत नाही. पालक गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. मित्रांना हे अजून पटलेलं नाही. जाड दोरी मात्र त्यांच्याही रिळांवर आली आहे.