शेरूचा ऑफ तास

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण मी ३४ वर्षं वर्गात शिकवली. मुलांना ती किती कळली कोण जाणे, पण शिक्षकाला ती ऑफ तासाला पक्की कळते. ज्या वर्गावर कुणी गेलेलं नसतं, त्याचा आवाज थेट मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोहोचतो. मुलं वाईट नसतात हो, त्यांच्या हाताला काम नसतं, एवढंच.

हे आठवायचं कारण शेरू. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचा दोन वर्षांचा गावठी कुत्रा. नवरा वाळूजच्या कारखान्यात, बायको बँकेत. सकाळी नऊला दाराला कुलूप लागतं ते संध्याकाळी साडेसहाला उघडतं. मधल्या वेळात शेरूनं सोफ्याचा कापूस काढला, चपला फाडल्या आणि भुंकून भुंकून इमारत डोक्यावर घेतली. तक्रारी झाल्या. शेवटी त्याला गावी मामाकडे पाठवायचं ठरलं. सांगताना त्या मुलीचा गळा दाटून आला. मी म्हटलं, “अगं, पंधरा दिवस थांब. किल्ली माझ्याकडे ठेव.”

पहिली गोष्ट म्हणजे तो भुंकतो कधी, ते पाहिलं. त्यांनी घरात छोटा कॅमेरा लावला. मालक गेल्या गेल्या कुत्रा दार ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, तर ती भीती असते आणि मग जनावरांच्या डॉक्टरांनाच दाखवावं लागतं. शेरू मात्र अकरापर्यंत शांत झोपायचा. त्यानंतर भाजीवाल्याच्या आरोळीला, कुरियरवाल्याच्या पावलांना ओ द्यायचा. म्हणजे हा शुद्ध कंटाळा!

कुत्रा माणसाबरोबर किमान १४ हजार वर्षं राहतो आहे, आणि बराच काळ कामाचा गडी म्हणूनच. आपल्या मराठवाड्यात धनगराचा कुत्रा पाहा. मेंढ्यांमागे दिवसभर चालतो, रात्री वाड्याची राखण करतो. त्याचं मन रमवायला कुणी खेळणी आणत नाही. आपण त्याच जातीला दोन खोल्यांत कोंडतो, वाटीत आयतं जेवण देतो आणि वर म्हणतो, हा त्रास देतो.

मग मी शिक्षकी पेशाला शोभेल असं वेळापत्रक केलं. सकाळी सातच्या आत फेरी, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात पुढे डांबर तापतं आणि पंजे भाजतात. फेरीत त्याला ओढायचं नाही, हवं तिथे हुंगू द्यायचं. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी १० कोटींच्या वर असतात. आपण वर्तमानपत्र वाचतो, तो विजेचा खांब वाचतो. वीस मिनिटं हुंगून तो जितका निवतो, तितका नुसतं पळून निवत नाही.

नाश्ता वाटीत नाही. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून द्यायचे, काही खोलीत लपवायचे. शोध आणि खा! दुपारी सव्वाबाराला मी वर जातो, थोडा वेळ खेळवतो, खाली नेऊन आणतो. निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवलेला असतो, तो देतो. चाटता चाटता तास जातो, मग झोप. खेळणीही सगळी एकदम बाहेर नाहीत. निम्मी कपाटात, आठवड्यानं अदलाबदल. फक्त कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट मात्र चुकूनही द्यायचं नाही. ते कुत्र्याला विष आहे.

या रबरी खेळण्याची गोष्टही गमतीची आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाचे गृहस्थ होते. त्यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घ्यायचा. ते आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना त्यानं सस्पेन्शनचा एक रबरी भाग पळवला आणि दगड विसरला. त्यावरून मार्कहॅम यांनी ‘काँग’ हे खेळणं काढलं.

पंधरा दिवसांत भुंकणं थांबलं असं म्हणणार नाही, पण कमी झालं. महिन्याभरात तक्रारीही बंद झाल्या. मामाकडे जाणं रद्द!

एक मात्र खरं. साडेसहाला खाली मोटारसायकल वाजली की माझा टॉवेल, दहीभात, सगळं त्याच्या लेखी शून्य. तो दाराशी जाऊन बसतो. म्हणून त्या दोघांना मी सांगून ठेवलंय, कितीही दमून आलात तरी पहिला अर्धा तास त्याचा. मोबाइल नंतर.

आता माझं. निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, “सर, आता आराम करा.” मुलानं मोठा टीव्ही आणून दिला. प्रेमानंच दिला. पण घंटेची सवय लागलेल्या माणसाला आराम किती दिवस पुरणार? सोळा वर्षं झाली. हल्ली बारा वाजले की मी चष्मा शोधतो, खिशात किल्ली आहे का बघतो. सौ. म्हणते, “निघाले का तासाला?”

असो. सव्वाबारा होत आले.