बोल एकटीलाच का?

शेतकरी बंधूंनो, पीक उगवले नाही तर आपण बियाणेही तपासतो. मूल झाले नाही तर मात्र सारा बोल बायकोला. आमच्या घरीही पाच वर्षे उपास-नवस तिनेच केले. शेवटी माझे वीर्य तपासले, तेव्हा कारण माझ्याकडे निघाले: व्हेरिकोसील.

यात वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, बहुधा डाव्या बाजूच्या. शंभरात सुमारे १५ पुरुषांना हे असते. पण सर्वांनाच ऑपरेशन लागत नाही. फुगलेल्या शिरा हाताला लागत असतील आणि शुक्रजंतू कमी असतील किंवा दुखत असेल, तरच विचार करावा. बायकोचीही तपासणी आधी व्हावी.

ऑपरेशनसाठी मूत्ररोगतज्ज्ञ गाठा. मोकळेपणी विचारा: अशी ऑपरेशने आपण नेहमी करता का? सूक्ष्मदर्शक वापरता का? त्याने शुद्ध रक्ताची नाडी नीट दिसते व वाचते. शिरा पुन्हा फुगण्याचा, अंडकोषात पाणी भरण्याचा धोकाही कमी होतो. खर्च आधीच विचारून ठेवा.

नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. मूल होईलच अशी हमी कोणी देत नाही. आमच्या घरी तिला बोलणे मात्र त्याच दिवशी थांबले.