जुन्या स्टेशनावर मुलांसोबत

पुण्याजवळच्या रहाटणी, वाकड, पिंपळे सौदागर या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये जपानला ऑनसाइट राहून आलेली कुटुंबे भेटतात. हिंजवडीच्या आयटी कंपन्या आणि चाकणचा वाहनउद्योग, दोन्हींचा जपानशी रोजचा व्यवहार आहे. अशी कुटुंबे काही वर्षांनी मुलांना घेऊन पुन्हा जपानला जातात, तेव्हा त्यांची ओढ फुजी पर्वतापेक्षा जुन्या वस्तीकडे जास्त असते.

ही वस्ती अनेकांसाठी टोकियोच्या एदोगावा भागातली निशी-कासाई. २०००च्या सुमारास वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखेच्या अडचणीच्या, कामासाठी भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने टोकियोत आले. तोझाई मार्गावरच्या या स्टेशनावरून ओतेमाची, निहोनबाशी या कार्यालयांच्या भागात थेट गाडी जाते. जामीनदार न मागणाऱ्या सरकारी यूआर इमारतींत परदेशी माणसालाही घर मिळे. मग किराणा दुकाने आली, शाळा आल्या, गणपतीही आले. २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला.

त्या पहिल्या मुक्कामात स्टेशन म्हणजे ऑफिसची घाई होती. आईबाबांच्या लेखी त्याला शेवटच्या गाडीची धास्ती आणि घरच्या फोनची वाट चिकटलेली असते. मुलांना यातले काहीच ठाऊक नसते. प्राथमिक शाळेतल्या मुलांना अर्धे तिकीट असते आणि त्यांचे कार्ड टेकवले की फाटकातून पिलाच्या चिवचिवाटासारखा 'पियो पियो' आवाज येतो. मोठ्यांच्या कार्डाला हा आवाज नाही. वर्षानुवर्षे त्याच फाटकातून गेलेल्या बापाला तो पहिल्यांदा नीट ऐकू येतो, तो लेकीने पुन्हा एकदा कार्ड टेकवायचा हट्ट धरल्यावर.

कासाई रिनकाई पार्कमधले मत्स्यालय हे असेच दुसरे ठिकाण. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या मत्स्यालयात ट्यूना माशांसाठी कड्याच्या आकाराची सुमारे २,२०० टन पाण्याची टाकी आहे. ट्यूना मासा पोहायचा थांबला तर त्याला श्वास घेता येत नाही, म्हणून टाकीला कोपरा नाही, मासे अखंड फेऱ्या मारतात. २०१४च्या अखेरीस हे मासे एकामागून एक मरू लागले आणि मार्च २०१५ मध्ये टाकीत एकच ट्यूना उरला. पुढे नवे मासे सोडले. त्या काळात तिथे राहिलेल्यांना ती जवळजवळ रिकामी टाकी आठवते. मुले भरलेली टाकी बघतात आणि काचेला नाक लावून प्रश्न विचारत राहतात. तेव्हा आईची आठवण मुलांच्या कामी येते.

अशा सहलीत दोन पिढ्या एकाच जागी दोन वेगळी गावे बघतात. "आम्ही इथे राहायचो" एवढ्याने मुलांचे मन रमत नाही. आईबाबा भाजी कुठून आणत, भूकंपाच्या रात्री काय करत, भाषा कशी शिकले, हे त्या त्या ठिकाणी उभे राहून सांगितले की रमते. आपल्या घराच्या कष्टांचा इतिहास मुलांना असा पायी चालूनच कळतो.

वेळ निवडणेही महत्त्वाचे. एप्रिलअखेर ते ५ मेच्या सुमारापर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांची गर्दी असते आणि जूनमध्ये टोकियोत पावसाळा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत मेचा मधला काळ सर्वांत सोयीचा. क्योतो, ओसाका जरूर करावे, पण एक अख्खा दिवस जुन्या वस्तीसाठी मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी वाट मुलांना ठरवू द्यावी.