एचबी किती आलं?

केमो सुरू झाली आणि घरात मी कशी आहे हे विचारणंच बंद झालं. जो तो विचारायचा, "एचबी किती आलं?" हिमोग्लोबिन अकरावरून नऊ, नवावरून साडेआठ. जाऊबाईंनी अळिवाचे लाडू पाठवले, लेकाने खजूर, बीट, डाळिंब आणून फ्रिज भरला. केमोच्या लाल औषधाने तोंडाची चव पार गेलेली, बीट नुसतं उकडलं तरी मळमळायचं. तरी गिळलं. आकडा काही हलला नाही.

माझे दीर डायलिसिसवर आहेत. त्यांना एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देतात आणि त्यांचं एचबी बरं राहतं. "वहिनी, तुम्हीही तेच मागा की," ते म्हणाले. मी मागितलं. डॉक्टरांनी साफ नकार दिला. "तुमचा कॅन्सर पुरता बरा करायला आपण केमो देतोय. अशा पेशंटला आम्ही ते देत नाही."

रागच आला. पण जन्म विज्ञान शिकवण्यात गेलेला, म्हणून कारण शोधून वाचलं. कॅन्सर पसरलेल्या 939 स्तनकर्करुग्ण बायकांवर या औषधाची चाचणी झाली होती. एचबी 12 ते 14 च्या दरम्यान ठेवायचं, म्हणजे बायका जास्त जगतील, अशी अपेक्षा. झालं उलटं. वर्षभराने औषध घेणाऱ्यांपैकी 70 टक्के हयात होत्या, न घेणाऱ्यांपैकी 76 टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्याच सुमारास, 2003 मध्ये, डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांतही असंच दिसलं: एचबी वाढलं, पण आजार जास्त बळावला. 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. आकड्यामागे धावणाऱ्या आमच्या घराला हे कोण सांगणार!

मग माझं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून वापरायला मिळणारं लोह, तपासलं. पहिलं ठीक, दुसरं 20 टक्क्यांच्या खाली. म्हणजे कोठारात धान्य आहे, पण कुलूप लागलंय. कुलूप लावणारं हेपसिडिन यकृतात तयार होतं. शरीरात दाह असला की ते वाढतं. मग साठ्यातलं लोह बाहेर येत नाही आणि पोटातून घेतलेलंही नीट शोषलं जात नाही. लाडवांचा दोष नव्हता तर.

तेव्हाच डॉक्टरांनी एका अभ्यासात भाग घेण्याबद्दल विचारलं: लोहाच्या गोळ्या की शिरेतून लोह, केमोत कशाचा उपयोग जास्त? हे म्हणाले, "आपल्यावर प्रयोग करणार होय!" अभ्यासाच्या कोऑर्डिनेटर मुलीने मराठी संमतीपत्र ओळीओळीने वाचून दाखवलं. कारण न देता कधीही बाहेर पडता येईल, त्याने केमोला बाधा येणार नाही, अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई. रक्त चढवायची वेळ आली तर तेही थांबणार नव्हतं. हे तरी घुटमळत होते. मी सही केली.

मनात मात्र लोहाचं इंजेक्शनच हवं होतं. कोणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरही नाही. माझ्या वाट्याला गोळ्या आल्या. तोंड पडलेलं पाहून ती मुलगी म्हणाली, "काकू, इंजेक्शनच चांगलं हे आधीच ठाऊक असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

गोळ्यांनी शौच काळी व्हायची, बद्धकोष्ठ तर विचारू नका. पण दर भेटीला एक प्रश्नावली असायची. गेल्या सात दिवसांत इतकं थकायला झालं का, की जेवावंसंही वाटलं नाही? नेहमीची कामं उरकली का? शून्य ते चारपैकी खूण करायची. थकव्याबद्दल मला इतकं नेमकं कोणीच विचारलं नव्हतं, घरातल्यांनीसुद्धा. एका भेटीत आकडा जवळजवळ तोच होता, पण जिना न थांबता चढले होते. ते त्या कागदावर उमटलं.

शेवटच्या केमोनंतर एचबी साडेनवाला पोचलं. गोळ्यांमुळे की आपसूक, हे माझ्या एकटीच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही, त्यासाठीच इतरांचेही रिपोर्ट लागतात. तुमच्या घरात कोणाची केमो चालू असेल आणि एचबी उतरलं असेल, तर दुकानातून टॉनिक आणण्याआधी डॉक्टरांना विचारा: फेरिटिन आणि सॅच्युरेशन दोन्ही तपासलंय का?